चार हरणं, एक डोकं आणि पाच डाळी

लातूरच्या एका डाळ मिलला पाच डाळींची पाकिटं करून हवी होती: तूर, हरभरा, मूग, उडीद आणि मसूर. एक किलोचं पाकीटही आणि तीस किलोचा कट्टाही. मिल जुनी, पण माल आजवर दुसऱ्यांच्या नावानं जायचा. कट्टा इथं भरायचा आणि मार्का बाहेरच्या व्यापाऱ्याचा मारायचा. मालकांच्या मुलानं धंद्यात लक्ष घातलं आणि आता आपल्या नावानं विकायचं ठरवलं. फोनवर म्हणाला, "ताई, दुकानात पाकीट दिसलं की कळलं पाहिजे, ही लातूरची डाळ."

मी छत्रपती संभाजीनगरात दोन खोल्यांत डिझाइनचं काम करते. लग्नपत्रिका, बियाण्यांची पाकिटं, शाळांची माहितीपत्रकं, मिळेल ते. हे काम फार थोर झालं म्हणून ते लिहायला घेतलेलं नाही. सुचलेली गोष्ट नेमकी कुठून आली याचा माग सहसा लागत नाही, "सुचलं बुवा" म्हणून आपण मोकळे होतो. या वेळी तो लागला, कारण एकाच लेण्यासमोर मी महिन्याभरात दोनदा उभी राहिले. पहिल्यांदा काही दिसलं नाही, दुसऱ्यांदा दिसलं.

तीन आठवडे मोर आणि कमळ

सुरुवात सगळे करतात तशीच केली. पिंटरेस्टवर बोर्ड उघडला आणि दोन-तीन दिवसांत शेकडो चित्रं साठवली. जपानी तांदळाच्या पिशव्या, इटलीतले पास्त्याचे डबे, मेक्सिकोतल्या राजम्याची पाकिटं. सगळं देखणं. आठवड्यानं बोर्ड पुन्हा पाहिला तेव्हा लक्षात आलं की ही माझी आवड नव्हेच. पहिल्या चार चित्रांवर मी रेंगाळले, मग त्यांचीच भावंडं ते यंत्र पुढ्यात टाकत गेलं आणि मी उचलत गेले.

मग चित्र काढणाऱ्या एआयला सांगून पाहिलं: मराठवाडा, तूर डाळ, पारंपरिक. सोनेरी उजेडात हसणारा शेतकरी आला. डोक्याला राजस्थानी पगडी, मागे गव्हाचं शेत. पगडी काढ म्हटलं तर मोर आणला. तुरीचं झाड त्याला शेवटपर्यंत जमलं नाही. सोयाबीनच्या रानात मधूनमधून तुरीच्या ओळी उभ्या असतात, तिला पिवळं फूल येतं आणि शेंगा घोसानं लागतात, हे आमच्याकडे शाळकरी पोरालाही सांगावं लागत नाही. पण दोष यंत्राचा नव्हता. "पारंपरिक" हा शब्द मी टाकला तो माझ्याकडे दुसरा शब्दच नव्हता म्हणून.

शंभर किलोमीटरवर अजिंठा असताना आपण फोन काय चाळत बसलोय, असं वाटलं आणि त्याच उत्साहात सकाळी निघाले. तो दिवस सोमवार. सोमवारी लेणी बंद असतात हे इथंच जन्म काढून मी विसरले होते. फर्दापूरला भजी खाऊन परत आले आणि बुधवारी पुन्हा गेले.

त्या फेरीत मी १, २, १६ आणि १७ या क्रमांकांच्या लेण्यांतून फोटो काढत फिरले. फ्लॅशला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. फोनचा नाइट मोड मात्र आपलं काम करतो: एकापाठोपाठ अनेक फ्रेम घेतो, त्या एकावर एक बसवतो आणि डोळ्यांना जे अंधुक दिसतं ते लख्ख करून दाखवतो. पहिल्या लेण्यात एक गाइड खांबावर टॉर्च मारून पर्यटकांना काही तरी दाखवत होता. त्याचाही एक फोटो घेतला आणि पद्मपाणीकडे, म्हणजे हातात कमळ धरलेल्या बोधिसत्त्वाच्या चित्राकडे वळले.

घरी येऊन पद्मपाणीच्या फोटोतून आयड्रॉपरनं, म्हणजे संगणकावर रंग टिपायच्या साधनानं, रंग उचलले. मधाळ पिवळा, तपकिरी, मळकट हिरवा. चार दिवसांत पाकीट तयार झालं. पद्मपाणीच्या हातातलं कमळ, मुकुटावरची नक्षी, खाली डाळीचं नाव, एकूण सात रंग. मला स्वतःला ते फार आवडलं होतं, हेही नोंदवून ठेवते.

"हे लॉजचं वाटतंय"

लातूरला बैठक झाली. मुलगा काही बोलेना. थोरल्या मालकांनी नमुना उचलून खिडकीपाशी नेला, उजेडात धरला, परत आणून ठेवला. म्हणाले, "चित्र चांगलंय ताई. पण हे लॉजचं वाटतंय."

खोटं नव्हतं ते. आमच्या शहरात पद्मपाणी कुठं नाही? लॉजवर आहे, मंगल कार्यालयाच्या कमानीवर आहे, ट्रॅव्हल्सच्या बसच्या पाठीवर आहे. त्याचा डाळीशी संबंध काय, असं कुणी विचारलं असतं तर माझ्यापाशी उत्तर नव्हतं. मी अजिंठ्याहून एक चित्र उचलून आणलं होतं, बस.

दुसरा धक्का छपाईवाल्याच्या कोटेशननं दिला. अशी पाकिटं बहुधा ग्रॅव्युअर या छपाईच्या पद्धतीनं छापतात. त्यात प्रत्येक रंगाला स्वतंत्र सिलिंडर लागतं. पोलादी नळकांडं, त्यावर तांब्याचा थर, त्या थरात कोरलेले बारीक बारीक खड्डे आणि वर क्रोमचा मुलामा. शाई खड्ड्यांत बसते आणि तिथून फिल्मवर उतरते. सात रंग गुणिले पाच डाळी म्हणजे ३५ सिलिंडरं. लाखांनी पाकिटं काढणाऱ्या कंपनीला हा खर्च जाणवतही नाही. नव्यानं नाव लावू पाहणाऱ्या मिलचं मात्र पाकीट निघण्याआधीच पाकीट रिकामं होतं.

परतीची गाडी संध्याकाळी होती. दुपार गोदामात काढली आणि तीच कामी आली.

गोदामात चार-पाच व्यापाऱ्यांचे कट्टे थप्प्या लावून ठेवलेले. हमाल त्यातून नेमका हवा तो कट्टा उचलत होते. वयस्क होते त्यांना विचारलं, "मामा, ओळखता कसं?"

"मार्का बघून."

"आणि खाली नाव लिहिलंय ते?"

"नाव वाचायला येळ कुणाला हाय? पाठीवर तीस किलो अन् फुडं गाडी. लांबून मार्का दिसला की पाय आपोआप तिकडं वळत्यात." मग माझ्या हातातला नमुना बघून विचारलं, "ह्याच्यात मार्का कुठला?"

नव्हताच. सात रंग होते, कमळ होतं, मुकुट होता, पण दहा पावलांवरून एकेका डाळीला वेगळं ओळखावं असं काही नव्हतं.

मुनीमजींच्या खोलीत खिळ्याला एक पत्रा टांगलेला होता. थोरल्या मालकांच्या वडिलांची लातूरच्या गंजगोलाई बाजारात आडत होती, त्या काळचा हा साचा. बैलाचं डोकं आणि खाली तीन अक्षरं कापून काढलेली. तागाच्या बारदानावर ठेवायचा आणि काळ्या रंगात बुडवलेल्या चिंधीनं वरून थोपटायचं. मार्का तयार. मुनीमजी म्हणाले, "भंगारात द्यायचा राहिलाय."

साच्यातल्या अक्षरांजवळ मी बराच वेळ उभी होते. शिरोरेखा सलग नव्हती, प्रत्येक अक्षरावर कुठं ना कुठं तुटलेली. कारण सरळ आहे. म, स, प यांचं पोट वरून शिरोरेखेनं बंद होतं. पत्रा सलग कापला तर पोटाचा तुकडा गळून पडेल आणि अक्षराच्या जागी भोक उरेल. म्हणून कापणाऱ्यानं मध्ये पत्र्याची बारीक पट्टी सोडलेली, जिला धरून पोटाचा तुकडा जागेवर राहतो. रोमन ओ कापताना ही पट्टी गोलाच्या कडेवर येते, देवनागरीत ती अक्षराच्या डोक्यावर येते. हे कुणी शोभेसाठी केलेलं नाही. पण शोभा आलीच आहे.

तो पत्रा मी मागून घेतला. तोवर माझ्याकडे "काही तरी मराठवाड्याचं" एवढंच होतं. आता नेमकी अडचण हातात आली: पाचही डाळी लांबून वेगळ्या कळल्या पाहिजेत, आणि तरी पाचांत शक्य तितकं सामाईक राहिलं पाहिजे, कारण जे सामाईक तेच स्वस्त.

पिवळ्यात किती जण होते

अजिंठ्याला दुसऱ्यांदा गेले ते मात्र रंगासाठी. छापील नमुन्यावर खरी तूर डाळ पसरली तेव्हा माझा पिवळा आजाऱ्यासारखा दिसत होता. असं का, म्हणून वाचत गेले आणि ओशाळले.

अजिंठ्याच्या नकला करण्याचा इतिहास मोठा आणि दुर्दैवी आहे. १८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेला लेणी पडली. १८४४ मध्ये कंपनी सरकारनं रॉबर्ट गिल या लष्करी चित्रकाराला नकला करायला धाडलं. त्यानं तिथं अनेक वर्षं घालवली, पुढे कॅमेराही हाती घेतला. त्याची बहुतेक चित्रं १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत गेली. मग १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा कामाला लागले. त्या नकलांपैकीही बऱ्याच १८८५ मध्ये लंडनमध्येच जळाल्या. या नकला करताना मूळ चित्र उठून दिसावं म्हणून भिंतीवर वॉर्निश फिरवलं गेलं. १९२० नंतर निजाम सरकारनं बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी रंग धरून ठेवायला शेलॅक, म्हणजे लाखेचं रोगण, वापरलं. दोन्ही काळानं पिवळी पडली. पुरातत्त्व खात्यानं पुढे त्यातलं बरंच साफ केलं, तरी सगळं निघालेलं नाही.

म्हणजे पाचव्या शतकातल्या चिताऱ्याचा म्हणून मी जो पिवळा उचलला, त्यात एकोणिसाव्या शतकातलं वॉर्निश, विसाव्या शतकातलं शेलॅक, लेण्यातला दिवा आणि माझ्या फोनचा हिशेब, एवढी मंडळी एकत्र बसली होती. शिवाय डाळीच्या पाकिटाला पिवळा छापायचाच कशाला? पाकिटाला खिडकी ठेवली की डाळ आपला रंग आपणच दाखवते. हा साधा विचार तोवर मनाला शिवला नव्हता.

या खेपेला फोन पिशवीत ठेवला आणि वही-पेन्सिल घेतली. पहिल्या लेण्यात छताखाली मान वर करून बसले. छताचे चौकोन पाडलेत आणि प्रत्येकात वेगळं काही भरलंय: हंस, हत्ती, फुलं, फळं, परक्या देशाची टोपीवाली माणसं. एका फळात मला सीताफळ दिसलं. सीताफळ मूळचं अमेरिका खंडातलं, तेव्हा ते इथं पाचव्या शतकात असायचं कारण नाही. बालाघाटच्या डोंगरात वाढलेल्या माणसाला कुठंही सीताफळ दिसतं, असं धरून सोडून दिलं. निळा रंग जपून वापरलाय. तो लाजवर्दाचा, अफगाणिस्तानाकडून येणारा. तांबडा, पिवळा, हिरवा हे मातीदगडांचे, तुलनेनं जवळचे. त्या चिताऱ्यांनाही कुणी तरी कोटेशन दिलं असणार.

तेवढ्यात गाइडनं टॉर्च मारला. तोच खांब. "बघा, चार हरणं, डोकं एकच."

मागच्या खेपेला मी याचाच फोटो घेतला होता. खांबाच्या माथ्यावर कोरलेली चार हरणं, चार धडं वेगवेगळ्या ढबीत आणि मध्ये एकच डोकं. कुठल्याही धडाकडून पाहा, डोकं त्याचंच वाटतं. फोटोत मला ती पर्यटकांना दाखवायची गंमत वाटली होती. वहीत काढायला लागले तेव्हा कळलं की सगळी करामत मानेच्या रेषांत आहे. डोकं कुणाचंच पुरतं नाही, म्हणून ते सगळ्यांचं होतं.

डोक्यात एकदम सिलिंडर आलं. डोकं म्हणजे सामाईक सिलिंडर. धड म्हणजे बदलतं सिलिंडर.

तिथंच वहीत हिशेब मांडला. सगळ्यांत खालच्या पांढऱ्या थराचं एक सिलिंडर, पाचही डाळींना तेच. चौकट आणि बैलाचं डोकं यांचं एक, तेही पाचांना तेच, फक्त छापताना शाई बदलायची: तुरीला तांबडी, मुगाला हिरवी, असं. शाकाहाराच्या हिरव्या खुणेचं एक. उरलं काळं: बैलाचं धड, डाळीचं नाव, मागचा मजकूर. ते प्रत्येक डाळीला वेगळं, म्हणजे पाच. एकूण आठ. ३५ चे ८.

मानेतली खिंड

वहीतलं काम पाकिटावर आणायला महिना गेला. त्यातल्या चारच गोष्टी सांगते.

साचा स्कॅन होईना, पत्रा वाकडा होता. तो भिंतीला टेकवून तिरप्या उजेडात फोटो काढला आणि संगणकाच्या ऑटो-ट्रेसला दिला. त्यानं सगळ्या कडा गुळगुळीत करून बैलाचा टेडी बेअर केला. छिन्नीनं कापलेल्या कडेला जो खरखरीतपणा असतो, त्यालाच यंत्र चूक समजत होतं. शेवटी छापावर कागद ठेवून बैल हातानं गिरवला.

डोकं रंगीत सिलिंडरवर, धड काळ्यावर. दोन सिलिंडरं एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत. चालत्या मशीनवर रजिस्टर, म्हणजे रंगावर रंग नेमका बसण्याची जुळणी, थोडं तरी सरकतंच. मानेपाशी सांधा ठेवला असता तर कधी पांढरी फट, कधी रंगावर रंग. मग सांधा ठेवलाच नाही. पत्रा कापणारा जशी खिंड सोडतो तशी डोकं आणि धड यांच्या मध्ये मुद्दाम जागा सोडली. आता रजिस्टर सरकलं तरी खिंड थोडी रुंद होते नाहीतर अरुंद, कुणाच्या लक्षात येत नाही. छपाईवाल्यानं प्रूफ पाहून विचारलं, "मॅडम, गळा कापलेला कसा काय?" सांगितल्यावर हसला आणि म्हणाला, "आमचं काम सोपं केलं."

अक्षरांसाठी फॉन्ट घेतला नाही. पाच नावांत मिळून दहा अक्षरं आणि तीन चिन्हं, ती काढणं अवघड नव्हतं. खरी अडचण म ची निघाली. साच्यासारखी त्याची शिरोरेखा डावीकडे तोडली की तो भ वाटायला लागतो, कारण भ च्या डोक्यावर ती खिंड मुळातच असते. माझ्या मदतनीस मुलीनं पहिला नमुना मोठ्यानं वाचला, "भूग डाळ." म ची खिंड मग उजव्या दांडीला चिकटवून अगदी बारीक केली.

ही मुलगी पैठणची. तिची कल्पना अशी की पैठणीचा पदर जसा दोन्ही बाजूंनी जवळपास सारखाच दिसतो, तशी पाकिटाची मागची बाजूही पुढच्यासारखीच करू. किराणावाला पाकीट कसंही ठेवो. कल्पना उत्तम होती. पण मागच्या बाजूला पोषणमूल्यांचा तक्ता, परवाना क्रमांक, पत्ता, तक्रारीचा नंबर एवढी गर्दी लागते की तिथं बैल बसेना. ती अजून माझ्यावर रुसून आहे.

पाचवं धड

बैलाचं डोकं थोरल्या मालकांनी लगेच ओळखलं. काही बोलले नाहीत, मुनीमजींना हाक मारून पत्रा कुठं आहे ते विचारलं. तो माझ्याकडेच होता. परत दिला, आता फ्रेम करून गल्ल्यामागे लावलाय.

तुरीचा बैल उभा, हरभऱ्याचा बसलेला, मुगाचा वळून बघणारा, उडदाचा चालता. हरणं चार होती, डाळी पाच. मसुरासाठी पाचवं धड काही केल्या सुचेना. धावता बैल काढला तर चालत्यासारखाच दिसे, लोळता काढला तर बसल्यासारखा. मसूर तसाही आपल्याकडचा नव्हे, बाहेरून येतो आणि इथं फक्त भरडला जातो. छपाईची तारीख डोक्यावर आली तेव्हा मसुराला धडच दिलं नाही. नुसतं रंगीत डोकं, खाली नाव. वेळ मारून नेली, पुढच्या छपाईत बदलू असं मुलाशी ठरलं.

कट्टे गोदामात लागले तेव्हा मी हजर होते. मामांनी थप्पीकडे लांबून पाहिलं आणि पोरांना सांगितलं, "बसका इकडं, उबा तिकडं, अन् मुंडकं मागं ठिवा."

मालकांचा चेहरा पडला. मुंडकं! खाण्याच्या जिन्नसाला असलं अभद्र नाव. संध्याकाळीच मुलाचा फोन आला, ताई, मसुराला काहीही करून धड लावा. मी चार नमुने पाठवले, त्यांनी एक पसंत केला, नव्या सिलिंडरची ऑर्डरही गेली.

आठ दिवसांनी त्यानंच ऑर्डर थांबवली. उदगीरच्या एका दुकानदाराचा फोन आला होता. चाळीस कट्टे हवे होते: वीस उभा, दहा बसका, दहा मुंडकं.